आठल्यांची संमती

ऑफिसच्या जुन्या टेलिफोन यंत्रणेतले व्हॉइसमेल नव्या यंत्रात उतरवण्याआधी, कायद्याप्रमाणे, प्रत्येक आवाजाला जागे करून त्याची संमती घ्यावी लागे. ऑपरेटर वैजयंतीबाईंनी दिवंगत सहकारी आठल्यांचा आवाज मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"बोला बाई! अजून रिटायर नाही झालात?"

बाई खुदकन हसल्या. "यंत्र बदलतंय. तुम्हाला जपून ठेवू ना?"

"नको हो. जन्मभर इथंच बसलो, आता तरी सोडा."

नकार दिलेला आवाज कायमचा पुसला जाई. बाईंनी नकाराच्या बटणावरचे बोट मागे घेतले.

तेवढ्यात आठल्यांनी विचारले, "डबा कुणाबरोबर खाता हल्ली?"

"एकटीच. तुमच्यासारखं लोणचं कुणी आणत नाही."



"मग ठेवा मला. पण जेवतानाच बोलेन. कामाचे फोन जोडायचे नाहीत."