राजा उठलाच पाहिजे

"बघच तू, पुढच्या भागात राजा ताडकन उठून बसतो की नाही!" मथूआजी फोनवर ओरडली. "ती टेकडीवरची चेटकीण आहे ना, ती त्याला गुळवेलीचा काढा पाजते. मग राजा ड्रॅगनच्या शेपटीला लोंबकळत थेट राजवाड्याच्या गच्चीवर!"

तिकडे नागपुरात नात खिदळली. दर रविवारी दोघी आपापल्या घरी ती मालिका बघायच्या आणि मग फोनवर तिचा कीस पाडायच्या. आजोबा गेल्यापासून आजीच्या घरात आठवडाभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

"काहीही हं आजी! राजा गेला. अगं, म्हणून तर ही मालिका एवढी भारी आहे. ड्रॅगन उडू देत, झाडं बोलू देत, पण इथे मेलेलं माणूस परत येत नाही. जादूनंसुद्धा नाही. म्हणून तर प्रत्येक लढाईत जीव टांगणीला लागतो."

"मग एवढी जादू काय जाळायची आहे?" आजी पुटपुटली.  पलीकडे नातीनं आवाज हळू केला.

"बरं आजी, मग राणी काय करते आता? सांग ना."

आजीनं डोळ्यांना पदर लावला आणि घसा खाकरला.

"राणी ना? ती सवयीनं अजून दोघांचाच स्वयंपाक करते. उरलेला आमटीभात ड्रॅगनला घालते."

"खातो तो?"

"पातेलं चाटूनपुसून खातो गं. पण राजासारखी आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर काही करत नाही."