ठिबकची नळी

"गिअरबॉक्स खतम झाला, वहिनी. भंगारवाल्याले बोलावलं," दीर म्हणाला. गाडी माझ्या गेलेल्या नवऱ्याची, जुनी डिझेल, ऑटोमॅटिक. गिअर बदलताना हिसके देत होती. मी इंजिन सुरू करून चावी बंद केली. तरी ते धडधडत राहिलं. "जुनी गाडी असंच करते," दीर हसला. "नाही करत, भाऊजी." इंजिन थांबवणारा आणि गिअर अलगद टाकणारा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, एकाच पंपाचा, हे नवरा गाडी दुरुस्त करताना टॉर्च धरून शिकले होते. बॉनेट उघडून पंपाची रबरी नळी काढली, एक टोक बोटानं दाबून दुसऱ्यातून तोंडानं हवा ओढली. तरी हवा फसकन आली. नळी चिरली होती. संत्र्याच्या बागेतून ठिबकची बारीक नळी कापून आणली, बसवली. गाडी घेऊन जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आले. एक हिसका नाही. फाटकात भंगारवाला उभा होता. चावी बंद करताच इंजिन गप्प झालं. चिरलेली नळी त्याच्या हातात ठेवली. "भंगार एवढंच हाये. न्या."