डॉक्टर निघालेत

शिफाने दूध संघासाठी असा सर्व्हर बांधला होता, की फोनवर बोलणाऱ्या एआयने त्यातून अडलेल्या जनावराची खबर थेट संघाच्या डॉक्टरांना द्यावी. चाचणीपुरतं तिने त्यात खोटं उत्तर घातलं होतं, ‘डॉक्टर निघालेत’. ते काढायचं राहिलं आणि सेवा सुरू झाली. चूक दिसताच तिने, म्हैस अडल्याची खबर दिलेल्या मुरगूडच्या झुंबरबाईंना फोन लावला. “मावशी, संघातनं शिफा बोलतीय. म्हैस कशी हाय?” “आडलीय गं. पण घोर न्हाय. फोनवरची तुमची बाई लई गुणाची. इचारलं की सांगती, डॉक्टर निघाल्यात. पाणी तापवलंय, साबण-टॉवेल ठेवलाय.” “डॉक्टरांना निरोपच गेला न्हाय, मावशी. चूक माझी हाय. गावातलं कुणीतरी बोलवा, पळा!” पलीकडून म्हशीचं कण्हणं आलं. “गावातला डॉक्टर आलता की मगाशी. तुमचा येतोय म्हणून त्याला च्या पाजून परत धाडलं.”