गुलाबाचे चार थेंब

डॉक्टरांनी एस्तेरच्या पाठीवरची शेवटची पट्टी काढली आणि दिवा जवळ घेतला. सोमवारी त्या पट्ट्यांखाली वीस निरनिराळे पदार्थ लावले होते. एकोणीस जागा स्वच्छ होत्या. एक मात्र लालबुंद होऊन फुगली होती.

"सुगंधी द्रव्य," डॉक्टर म्हणाले. "सोरायसिस तुम्हाला आहेच. पण तळहात चिघळलेत ते या अ‍ॅलर्जीनं. म्हणून माझी औषधं लागू पडेनात. अत्तर, पावडर, वासाचा साबण, काय वापरता?"

"काहीच नाही. सगळं बंद केलंय. फक्त आई रोज प्रार्थनेचं तेल चोळतात."

तिच्या सासूबाई, फिलोमिनाबाई, कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. बाटली त्यांच्या पिशवीतच होती. तिच्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत. डॉक्टरांनी ती उघडून नाकाशी धरली.

"गुलाब आहे यात."

"पाळकसाहेबांनी दिलंय ते," एस्तेर म्हणाली. "तेच टाकत असतील."

गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं. डॉक्टर काही केडगावला येऊन पाळकसाहेबांना विचारणार नव्हते. पण पाळकसाहेबांच्या साध्या खोबरेलावर फिलोमिनाबाईंचंच मन भरलं नव्हतं. अभिषेकाचं तेल कसं सुवासिक हवं, म्हणून त्यांनी कापडबाजारातून अत्तर आणलं. हात बरे होईनात तसे थेंब वाढवले, दोनाचे चार केले. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये त्या भर मंडळीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या सुनेचा विश्वास कमी पडतोय, तिच्यासाठी प्रार्थना करा. एस्तेर पुढच्याच बाकावर होती. तिने हात पदराखाली घेतले होते. ते आठवून त्यांना स्वतःची शरम वाटली.

"पाळकसायबांचं तेल साधंच हुतं," त्या म्हणाल्या. "अत्तर मी टाकलं. रोज चार थेंब."

एस्तेरने त्यांच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बिनवासाचं मलम टेबलावर ठेवलं. "आत्ताच एकदा लावून घ्या." रोजच्या सवयीने फिलोमिनाबाई उठून पुढे झाल्या.

"मावशी, आधी हात धुवा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी बेसिनवर हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. बोटांच्या पेरांतून गुलाब जाईना. एस्तेर भेगाळलेले तळहात मांडीवर उघडे ठेवून वाट पाहत होती.

"आई, या ना. गेला असेल वास."

"न्हाई गेला." फिलोमिनाबाईंनी नळ बंद केला. "आज तुझं तूच लाव. हा रविवारपर्यंत राहिला तर राहू दे. मंडळीत उभं राहून खरं सांगायचंय मला."