ओ द्यायला कुणी

ग्वापी नदीवरून मोटारहोडी गेली, तशी एमेरितामावशीने सुरी थांबवली. होडीत गाणं वाजत होतं. तिच्या भाच्याचं, लिबार्दोचंच. गावच्या मरिंबाचे, लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे सूर, खाली शहरातल्या स्टुडिओत रचलेला नाचाचा ठेका, आणि त्यावर मावशीचा आवाज. एकच ओळ, पुन्हा पुन्हा.

दर ओळीनंतर मावशी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. होडी वळणाआड गेल्यावर तिने खारफुटीतून वेचून आणलेला पुढचा शिंपला उघडला.

"काय पुटपुटतेस गं?" लिबार्दोने विचारलं. त्याच्या पिशवीत रेकॉर्डर होता. नव्या गाण्यासाठी तिचा आवाज मागायला तो आला होता. विषय अजून काढला नव्हता.

"ओ देते. तुझ्या गाण्यात मी आपली हाका मारत सुटलेय, आणि घरात जसं माणूसच नाही! ओ द्यायला बेनिल्दा होती, तिच्या सुना होत्या. कुठे घालवल्यास रे सगळ्यांना?"

मावशीचा तो आवाज लिबार्दोने आईच्या मयताच्या रात्री टिपला होता. तिथे ओ देणाऱ्या बायकांचे घसे रडून बसले होते. त्यांचं उत्तर ठेक्याच्या अर्धी मात्रा मागून यायचं. त्याने ते सरकवून पाहिलं, ताणून पाहिलं, शेवटी कापून टाकलं. गाणं लगेच पळायला लागलं. मयताच्या घरातली हाक ओ मिळाल्याशिवाय सोडली, तर गेलेलं माणूस वाटेत अडकतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"ठेक्यात बसत नव्हतं, मावशी."

"बसेल कसं? नाचायला आल्या होत्या का त्या?" ती हसली. "आणि तू? यंत्र धरून उभा, तोंड मिटून."

"मी काढून टाकतो ते गाणं."

"कुठून काढशील, बाळा? होडीहोडीत गेलंय. असू दे. बहीण आहे माझी, देते मी ओ. शिंपले तेवढे रेंगाळतात."

वळणापलीकडून पुन्हा तोच ठेका ऐकू आला, मग तोच आवाज. मावशीने सुरी खाली ठेवली.

ओळ संपली. लिबार्दोने तोंड उघडलं, अगदी ठेक्यावर. मावशीने ओला हात त्याच्या मनगटावर दाबून त्याला थांबवलं. अर्धी मात्रा गेली, आणि मग तिने हात सोडला.