काळ्या कापडाखाली

मोठा कॅमेरा न्यायचा नाही, हे सिद्धूनं सकाळीच ठरवलं होतं. बारामतीत त्याचं फोटोचं दुकान, मागच्या खोलीत संसार. इंदापूरकडच्या एका बागाईतदाराला मोसंबीच्या बागेत घरादारासकट फोटो काढून हवा होता. घोंगडीवर सगळा पसारा मांडलेला: लाकडी मोठा कॅमेरा, त्याची तिपाई, फोटोच्या काचांचा खोका, डोक्यावर घ्यायचं काळं कापड. शेजारी हातात मावेल असा पेटी-कॅमेरा. एवढ्या माणसांच्या फोटोला तो म्हणजे पोरखेळच. पण पहिली बायको गेल्यापासून सिद्धू उघड्यावर मोठा कॅमेरा लावतच नव्हता. त्यानं छोटाच पिशवीत टाकला.

त्याची दुसरी बायको साखरबाई समोर बसून टाकाचा तुटलेला दोरा बदलत होती. पहिली बायको मेली, की तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली गप राहते. म्हाळसाच्या नावाचा हा टाक लग्नापासून साखरबाईच्या गळ्यातून उतरला नव्हता. आज पहिल्यांदाच तो भुईवर पडला होता.

दोरा हातात धरून ती मधेच थांबली. उठली. पिशवीतला छोटा कॅमेरा काढून तिनं बाजूला ठेवला आणि खोक्यात बाजरीचं भुसकट पसरून त्यात एकेक काच उभी खोचायला लागली. म्हाळसा अश्शाच खोचायची. साखरबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"अगं, काय चाललंय? छोटा न्यायचाय."

"छोट्यात काय दिसतंय? मोठाच घ्या." तिनं काळं कापड उलगडून डोक्यावर ओढलं. आवाज आतून आला. "ह्याच्यात शिरलं की काचंवर माणूस उलटं दिसतं, न्हवं? पाय वर, डोकं खाली. मागं हीर हाय, ते ध्यानातच येत न्हाय. आन् तुमी म्हनता, आनिक जरा मागं सर."

पाणी शेंदताना म्हाळसाचा पाय घसरला, असं सिद्धूनं सासऱ्याला सांगितलं होतं, फौजदाराला सांगितलं होतं, साखरबाईलाही तेच. सांगवीच्या मळ्यात, त्या विहिरीपाशी, तेव्हा दोघंच होती.

त्यानं झडप घालून टाक उचलला, दोऱ्यात ओवला आणि तिच्या गळ्यात बांधायला गेला. घाईत गाठ बसेना. शेवटी दातांनी ओढून बसवली.

साखरबाईनं कापड खाली घेतलं. "अगं बया! हे कवा घेतलं मी डोक्यावर?" मग लाजून हसली. "आज माजा बी एक काढा की वो. कवाधरनं म्हनतेय."

बागाईतदार गेला खड्ड्यात, सिद्धूला वाटलं. ही हसतेय, बास झालं. "काढू. हितंच काढू, परसात. भिताडाला पाठ लावून उभी ऱ्हा."

परसात लख्ख ऊन होतं. तिपाई रोवून त्यानं आज कितीतरी दिवसांनी कापडात डोकं घातलं. काचेवर साखरबाई उलटी उभी होती, पाठ भिंतीला घट्ट लावून. पावलं तेवढी चौकटीबाहेर राहिली होती. राहू देत, त्यानं मनाशी म्हटलं.

"जोडवी येत्यात का वो?" तिनं विचारलं. "मी जरा मागं सरू का?"

"नको! जागची हलू नको!" सिद्धू कापडातनंच ओरडला.

पाठीशी भिंत होती, तरी काचेवर तिची जोडवी दिसायला लागली होती.