खंडेनवमीची घासपूस

खंडेनवमीच्या सकाळी फिरून आलेले टिपणीस स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. ओट्यावर त्यांच्या एरवी काळ्याभोर असणाऱ्या अकरा जपानी चकत्या स्टीलच्या ताटल्यांसारख्या लखलखत होत्या.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी जुन्या बाजारातून कागद दाबायला एक लोखंडी चकती आणली होती. ती निघाली जपानी तलवारीची, मूठ आणि पात्याच्या मध्ये बसणारी. तेव्हापासून गृहस्थांना वेडच लागलं. परदेशातून अशा आणखी अकरा मागवता मागवता तळेगावचा प्लॉट गेला. शेकडो वर्षांत चढलेला काळा रंग हीच या चकत्यांची खरी किंमत, म्हणून कपाटाला कुणी बोटही लावायचं नाही, असा घरात दंडक होता.

"आज शस्त्रांची पूजा, म्हटलं जरा स्वच्छ करू," बायको ओले हात पुसत म्हणाली. "नुसत्या साबणानं रंग गेला हो! बूटपॉलिशचा वास येत होता."

टिपणीसांनी एक चकती उचलून नाकाशी धरली.

"ही जुन्या बाजारातली तेवढी हट्टी," तिनं बारावी चकती त्यांच्यापुढे धरली. "काथ्यानं घासघासून हात दुखले, पण काळी ती काळीच. भंगारात देऊन टाकू?"